चौरस मीटरमागे एक रुपया

ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेण्याची अधिसूचना 3 फेब्रुवारी 1970 रोजी निघाली. अनेक गावांचे मोबदल्याचे निवाडे मात्र 1986 उजाडेपर्यंत झालेच नाहीत. भूसंपादनाच्या जुन्या कायद्यातल्या 1984च्या दुरुस्तीने निवाड्याला दोन वर्षांची मुदत घातली, तेव्हा कुठे ते हातावेगळे झाले. बाजारभाव धरायचा तो अधिसूचनेच्या तारखेचा. म्हणजे भोवती सिडकोच्या वसाहती उभ्या राहत असताना भातशेतीला दर मिळायचा सोळा वर्षांपूर्वीचा. वाढीव मोबदल्याचे दावे आणि त्यांच्यामागून आलेली अपिलं या अंतरातूनच निघाली.

निवाडा मान्य नसलेल्या शेतकऱ्याने जुन्या कायद्याच्या कलम 18 खाली अर्ज केला की प्रकरण दिवाणी न्यायालयात जाई. याला सगळे रेफरन्सच म्हणतात. तिथे शेजारच्या जमिनींची खरेदीखतं दाखल होत, साक्षी होत, उलटतपासणी होई. त्या निकालावरचं अपील कलम 54 नुसार मुंबई उच्च न्यायालयात. पक्षकाराने पनवेलहून हार्बरची लोकल पकडायची आणि फोर्टातल्या इमारतीत अपील शाखा गाठायची.

तिथे साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभा राहत नाही. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड येतं, पेपरबुक तयार होतं आणि युक्तिवाद त्या कागदांवर चालतो. नवा पुरावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 27 नुसार अपवाद म्हणूनच घेतला जातो. चांगलं खरेदीखत रेफरन्समध्ये दाखल करायचं राहिलं, तर पुढे त्याचा उपयोग होईलच असं नाही. ही गोष्ट शेतकऱ्याला पहिल्याच भेटीत सांगणारा वकील मला मोठा वाटतो.

तरीही पहिलं अपील फार मोलाचं, कारण तिथे कायद्याबरोबर वस्तुस्थितीही पुन्हा तपासता येते. मुद्दे कोणते, त्यांवर निर्णय काय आणि कारणं कोणती, हे न्यायनिर्णयात लिहावंच लागतं. खालचा निष्कर्ष फिरवायचा असेल तर तिथल्या न्यायाधीशाच्या कारणांना थेट भिडावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली संतोष हजारी प्रकरणात बजावलं. वाटणी-वहिवाटीच्या दाव्यांत पहिलं अपील जिल्हा न्यायालयात झालं, तर उच्च न्यायालयात दुसरं अपील करता येतं. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 1976च्या दुरुस्तीनंतर ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर.

आता हिशेब पाहा. अपिलात दर चौरस मीटरमागे एक रुपयाने वाढला असं धरू. त्यावर 30 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे 30 पैसे. शिवाय अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यांपैकी आधी जे झालं तोवर दरसाल 12 टक्के. हा काळ 16 वर्षांचा असेल तर 1 रुपया 92 पैसे. एकाचे झाले 3 रुपये 22 पैसे. पुढे पहिल्या वर्षी 9 आणि नंतर 15 टक्के व्याज. एका एकरात सुमारे 4,047 चौरस मीटर असतात. सरकारही एका रुपयासाठी अपिलात का जातं, ते यावरून कळतं.

नुसतं अपील दाखल केल्याने स्थगिती मिळत नाही. ती मागावी लागते, आणि ती देताना रक्कम कोर्टात भरण्याची अट सहसा असते. शेतकऱ्याचं वकिलाशी पहिलं बोलणं बहुधा याच रकमेबद्दल होतं: भरली का, आणि काढता येईल का? जो शेजारी कोर्टात गेलाच नाही, त्यालाही कलम 28अ ने वाट दिली होती: रेफरन्सच्या निकालापासून तीन महिन्यांत अर्ज. माझ्या मते त्या कायद्यातली ही सर्वांत माणुसकीची तरतूद.

उच्च न्यायालयात अपिलाची मुदत 90 दिवसांची. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यात धरत नाहीत. उशीर माफ करताना कोर्टाने उदार राहावं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987च्या कातिजी प्रकरणात सांगितलं. तेही भूसंपादनाचंच प्रकरण होतं, आणि उशीर सरकारचा होता. पण अपील पडून असताना पक्षकार वारला, तर वारसांची नावं 90 दिवसांत लावावी लागतात. नाही तर त्याच्यापुरतं अपील संपुष्टात येतं. ते पुन्हा उभं करायला वेगळा अर्ज, उशिराची वेगळी कारणं. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्यात अपील शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावं असं लिहिलं आहे. जुन्या कायद्याखालच्या अपिलांना असं कालमान नव्हतं. ज्यांचे मूळ अर्जदार हयात आहेत, ती अपिलं आधी बोर्डावर यायला हवीत.