मूत्राशय, मज्जातंतू आणि सिंगापुरातील एक क्लिप

मज्जारज्जूला इजा झाल्यावर पाय लुळे पडतात हे सर्वांना दिसते. मूत्राशयावरचा ताबाही जातो, हे मात्र चारचौघांत क्वचितच बोलले जाते. मूत्र साठत असताना मूत्राशयाची भिंत सैल आणि त्याच्या तोंडाशी असलेला वर्तुळाकार स्नायू आवळलेला राहतो, लघवी करताना याच्या नेमके उलट घडते, आणि हा ताळमेळ मेंदूच्या तळाशी असलेले एक केंद्र राखते. त्या केंद्राशी संपर्क तुटला की अनेक रुग्णांत दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळू लागतात, आतला दाब वाढतो आणि मूत्रपिंडांना धोका पोहोचतो. दिवसातून अनेकदा नळी घालून मूत्राशय रिकामे करणे हा यावरचा आजही सर्वाधिक रूढ उपाय आहे.

विजेच्या साहाय्याने हे काम करून घेण्याचा यशस्वी मार्ग लंडनचे जाइल्स ब्रिंडली यांनी १९७० च्या दशकात दाखवला. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंच्या पुढच्या मुळांना त्यांनी विद्युत्‌अग्रे जोडली. अडचण अशी, की त्या मुळांतून मूत्राशय आणि तोंडाचा स्नायू या दोघांनाही आज्ञा जाते. विद्युत्‌स्पंदने थांबून थांबून दिली, तर तोंडाचा स्नायू झटकन सैल पडतो, मूत्राशयाची भिंत मात्र सावकाश सैल होते, आणि मधल्या अवकाशात लघवी वाहते, हे या पद्धतीचे मर्म होते. त्याची किंमतही होती: मूत्राशय अवेळी आकुंचन पावू नये म्हणून पुढे मागची मुळे कापण्याची प्रथा पडली, आणि पुरुषांमध्ये त्यासोबत प्रतिक्षिप्त लैंगिक उत्थान गेले. अमेरिकेत १९९७ साली मंजूर झालेले त्रिक-मज्जातंतू उद्दीपन ही निराळी गोष्ट. ते अतिक्रियाशील मूत्राशय शांत करते, तुटलेल्या आज्ञेची जागा घेत नाही.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी मुळांऐवजी अवयवाजवळच्या बारीक मज्जातंतूकडे मोर्चा वळवला. तेथील चेता-तंत्रज्ञान संस्थेचे नेतृत्व केलेले नितीश ठाकोर हे पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी, आणि चेंगकुओ ली, शिह-चेंग येन हे त्यांचे सहकारी. या गटाने २०१७ साली एक लवचीक क्लिप मांडली: काहीशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्याही अंशाएवढ्या जाडीच्या तंतूवर ती कागदाच्या क्लिपप्रमाणे बसते, त्याला चिरडत नाही आणि हलणाऱ्या अवयवासोबत हलते. ओटीपोटातील तंतूवर ती बसवून उंदरांमध्ये मूत्रविसर्जन नियंत्रित करता येते, इतकेच नव्हे तर शरीराबाहेरून बिनतारी ऊर्जा देऊनही तो तंतू उद्दीपित करता येतो, हे त्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठातून दुसरी कल्पना आली, तिच्यात मज्जातंतूला हातच लावलेला नाही: मूत्राशय भरल्याचे एक संवेदक ओळखतो आणि आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूचे यंत्र बाहेरून दाब देऊन ते रिकामे करते.

या दोन्ही गोष्टी उंदरांपुरत्या आहेत, हे विसरून चालणार नाही. उंदराचे मूत्राशय जेमतेम एखादा मिलिलिटर मूत्र धरते, माणसाचे चारशे-पाचशे. शिवाय यंत्र शरीरात वर्षानुवर्षे राहिल्यावर त्याभोवती जमणाऱ्या व्रणऊतीचा प्रश्न काही तासांच्या प्रयोगात उद्भवतच नाही. तरीही तोंडाच्या स्नायूला न चेतवता केवळ मूत्राशयाला आज्ञा देण्याची शक्यता या वाटेने अधिक खुली होते, कारण ओटीपोटातील हा तंतू मूत्राशयाच्या भिंतीकडे जातो, तर तोंडाच्या स्नायूकडे जाणारा तंतू वेगळा असतो. ब्रिंडली यांच्या काळी मात्र दोन्ही आज्ञा एकाच मुळातून घ्याव्या लागत.