उमराहचा व्हिसा आणि नियत

पवित्र रमजान महिन्यात उमराहला जावे, ही ओढ प्रत्येक मुस्लिमाच्या मनात असते. रमजानमधील उमराहचे पुण्य हजइतके आहे, अशी हदीस आहे. त्यामुळे या महिन्यात मक्का आणि मदिना ही शहरे भाविकांनी फुलून जातात. हज ठरावीक दिवसांतच होते. उमराह मात्र वर्षभर करता येतो. इहराम, काबागृहाचा तवाफ, सफा-मरवादरम्यान सई आणि शेवटी केस कापणे, एवढे विधी काही तासांत पूर्ण होतात.

पूर्वी मुंबईहून यात्रेकरू जहाजाने जेद्दाहला जात. १९९५मध्ये ही जहाजे बंद झाली. आता विमान काही तासांत पोहोचवते आणि व्हिसाही ऑनलाइन मिळतो.

सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१९मध्ये ४९ देशांच्या नागरिकांसाठी पर्यटक ई-व्हिसा सुरू केला. या व्हिसावर हजचा काळ सोडून उमराह करता येतो. त्या यादीत भारत नव्हता. मात्र अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू आणि एकदा तरी वापरलेला व्हिसा असलेल्या, तसेच आखाती देशांत राहणाऱ्या भारतीयांना हा ई-व्हिसा खुला झाला. म्हणूनच कोकणातल्या एखाद्या घरात दुबईत नोकरी करणारा मुलगा मोबाइलवरून ई-व्हिसा काढतो. गावी असलेल्या अम्मी-अब्बांना मात्र स्वतंत्र व्हिसा घ्यावा लागतो.

कोणताही व्हिसा असो, पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. पासपोर्टवरील आणि अर्जातील नावात एका अक्षराचाही फरक नको. मदिनेत रियाजुल जन्नतमध्ये नमाज पढायची असेल तर ‘नुसुक’ अॅपवर आधी वेळ घ्यावी लागते. घरातील तरुणांनी ज्येष्ठांना एवढी मदत केली, तर तीही खिदमतच ठरेल.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पर्यटक किंवा उमराहच्या व्हिसावर हज करता येत नाही. ‘रमजानमध्ये जा, हजपर्यंत तिथेच थांबा’ असा सल्ला देणारे भेटतात. त्यांना बळी पडू नये. २०२४च्या हजमध्ये मक्केत पारा ५० अंशांच्या वर गेला आणि १,३०१ भाविकांचा मृत्यू झाला. त्यांतील ८३ टक्के विनापरवाना आलेले होते, असे सौदी सरकारने सांगितले. परवाना नसल्याने त्यांना तंबू, वाहन अशा सोयी नव्हत्या. रणरणत्या उन्हात त्यांनी मैलोन् मैल पायपीट केली. आयुष्यभराची पुंजी घेऊन निघालेली ही माणसे घरी परतली नाहीत.

इस्लाममध्ये हज ऐपत असलेल्यावरच फर्ज आहे. ऐपत म्हणजे केवळ पैसा नव्हे. प्रकृती आणि वाटेची सुरक्षितताही त्यात येते. सौदीतील ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेनेही २०२४मध्ये परवान्याशिवाय हजला जाणे जायज नाही, असे स्पष्ट केले.

प्रत्येक इबादतीची सुरुवात नियतने होते. व्हिसाच्या अर्जात प्रवासाचे कारण लिहिणे म्हणजे यजमान देशाला दिलेला शब्दच. रोजा माणसाला एकांतातही खरे वागायला शिकवतो. तो खरेपणा अल्लाहच्या घरी जाताना कागदावरही दिसायला हवा. ज्यांची संधी यंदा हुकली, त्यांनी सब्र करावा.

अल्लाह सर्वांना हलाल कमाईने आणि सरळ मार्गाने त्या पवित्र भूमीचे दर्शन नसीब करो. आमीन.