‘वय झालं’ या सबबीआड

महाराष्ट्रातील बहुतेक सरकारी नोकरांना ५८व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते आणि २००७च्या केंद्रीय कायद्यान्वये वयाची ६० वर्षे पुरी केलेला मनुष्य ज्येष्ठ नागरिक ठरतो. परंतु शरीर असल्या कोणत्याही फर्मानाची वाट पाहत नाही, की सर्व इंद्रियांचा कारभार एकाच तारखेस आटोपतेही घेत नाही. डोळ्यांतील भिंग ताठर होऊ लागल्याने चाळिशी नाकावर येते ती ऐन कर्तेपणाच्या काळात, स्नायूंचे बळ त्याही आधीपासून हळूहळू ओसरू लागलेले असते आणि बुद्धीची काही अंगे मात्र सत्तरी गाठेपर्यंत शाबूत राहतात. इतकी ही तफावत. पण घरोघरी तिचा निकाल एका वाक्यात लागतो : ‘वय झालं आता, चालायचंच!’

कानांचेच घ्या. वार्धक्यात सर्वच आवाज सारखे मंदावत नाहीत. आधी हरपतात ते उंच पट्टीचे ध्वनी, आणि स, श, च, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख मुख्यतः त्याच पट्टीवर अवलंबून असल्यामुळे बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही. नात विचारते, ‘आजोबा, शाल देऊ का?’ आणि आजोबा शांतपणे उत्तरतात, ‘साल कोणतं ते पंचांगात बघ.’ घर हसते. पुढे हसण्याची जागा ओरडणे घेते, आणि ओरडण्याने स्वरच तेवढे मोठे होतात, व्यंजनांची संदिग्धता जवळजवळ तशीच राहते. समोर बसून, चेहरा दिसेल अशा उजेडात, सावकाश बोलावे, हा उपाय बिनखर्चाचा. पण तो न योजता ‘आजोबांना आता कळत नाही’ असा शेरा मारून आपण कानाचा दोष बुद्धीच्या खाती मांडतो.

बुद्धीच्या या खात्याची चिकाटीने तपासणी केली ती अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ के. वॉर्नर शाय यांनी. १९५६ साली सिएटल येथे त्यांनी निरनिराळ्या वयांच्या माणसांच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा पाचारण केले. त्यातून दिसले ते असे, की वेग अगोदर मंदावतो, परंतु शब्दसंपत्तीसारख्या, आयुष्यभराच्या व्यासंगावर पोसलेल्या शक्ती दीर्घकाळ टिकतात. शिवाय माणसामाणसांतील अंतर एवढे मोठे, की सरासरीवरून एखाद्याचे भाकीत करणे धाडसाचेच. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली ती १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, आणि समता संघ त्यानंतरही आठ वर्षांनी! सर्वांनाच कर्वे होता येणार नाही, हे कबूल. पण पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांनी उतारवयात योजलेली युक्ती कोणालाही उचलता येईल : रचना मोजक्या निवडायच्या, त्यांचा रियाज वाढवायचा, आणि द्रुत भागापूर्वीची लय मुद्दाम संथ ठेवायची, म्हणजे पुढची गती श्रोत्यांना अधिक भासते.

देहाच्या बाबतीतही नशिबाला बोल लावण्याची घाई नको. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोस्टनच्या वृद्धसेवागृहातील नव्वदीच्या आसपासच्या मूठभर रहिवाशांकडून आठ आठवडे पायांनी वजने उचलण्याचा व्यायाम करवून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. प्रयोग लहान होता, हे खरे. पण नव्वदीतला स्नायू व्यायामाला प्रतिसाद देतो, एवढे सिद्ध करण्यास तो पुरेसा होता. आपल्याकडे मात्र आजी उठू लागल्या की ‘तुम्ही बसा हो, आम्ही करतो’ म्हणून त्यांना मायेने पुन्हा खुर्चीत बसवले जाते. माझ्या मते ही माया फार महाग पडते.

अर्थात काही बदल खरोखरच रोगाचे असतात, आणि त्यांनाही हीच सबब पांघरून घालते. परिचिताचे नाव ऐन वेळी न सुचणे आणि घटकाभराने आठवणे, यात घाबरण्यासारखे काही नाही. पण नेहमीच्या बँकेची वाट चुकणे, किंवा जन्मभर केलेल्या पुरणपोळीची कृती अर्ध्यावरच विसरणे, हे निव्वळ वार्धक्य नव्हे. जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी १९०६मध्ये वर्णिलेली व्याधी त्यामागे असू शकेल. परंतु बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचे मांद्य, खिन्नता किंवा एखाद्या औषधाचा दुष्परिणाम हीही कारणे असू शकतात, आणि त्यांवर इलाज आहेत. कालपर्यंत धड बोलणारा वृद्ध एका दिवसात भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा शरीरातील पाण्याची तूट यांचा संशय आधी घ्यावा, कारण उतारवयात तहानेची जाणीवच बोथट होते.

म्हणून वाचकहो, असा बदल अचानक दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, आणि तो सावकाश होत असेल तर कान, डोळे, रक्त आणि चालू औषधांची यादी तपासून घ्या. तोवर वयाचा उच्चारही करू नका.