रिपीटरची श्रवणक्षमता : द्विमार्गी रेडिओ संपर्क सुधारण्याची तत्त्वे व उपाय

प्रस्तावना

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपानंतर भूज परिसरातील दूरध्वनी सेवा कोलमडली. त्या काळात बाहेरच्या जगाशी संपर्क राखण्याच्या कामी हौशी रेडिओचालकांची मोठी मदत झाली. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईच्या अनेक भागांत भ्रमणध्वनी यंत्रणाही निरुपयोगी ठरली. अशा प्रसंगी द्विमार्गी रेडिओ हाच आधार उरतो. परंतु हातात धरावयाच्या संचाचा पल्ला मर्यादित असल्याने त्याची भिस्त डोंगरमाथ्यावरील रिपीटरवर असते. रिपीटरचा संपर्क अपुरा वाटू लागला की त्याची शक्ती वाढविण्याची मागणी प्रथम पुढे येते. वस्तुतः बहुतेक वेळा उणीव बोलण्यात नसून ऐकण्यात असते. ही बाब स्पष्ट करणे व तीवरील उपायांची मांडणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रिपीटरचे कार्य आणि उंचीचे महत्त्व

रिपीटरचे दोन मुख्य भाग असतात. संदेश ऐकणारा तो ग्राही व संदेश प्रसृत करणारा तो प्रेषक. ग्राही एका वारंवारतेवर क्षीण संदेश ऐकतो आणि प्रेषक त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर तो पुन्हा प्रसृत करतो. हौशी रेडिओच्या दोन मीटर पट्ट्यात या दोन वारंवारतांमध्ये सामान्यतः ६०० किलोहर्ट्झ अंतर असते. उदाहरणार्थ, १४५.० मेगाहर्ट्झवर ऐकणे व १४५.६ मेगाहर्ट्झवर बोलणे.

या पट्ट्यातील लहरी साधारणपणे दृष्टिरेषेत प्रवास करतात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळास ४.१२ ने गुणल्यास रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दीड मीटर उंचीवरील संचाचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटर येते. म्हणजे मोकळ्या सपाटीवरही अशा दोन संचांना तत्त्वतः १० किलोमीटरपर्यंतच परस्परांशी बोलता येईल. इमारती व झाडी असल्यास हे अंतर आणखी घटते. याउलट, भोवतालच्या प्रदेशापेक्षा ७०० मीटर उंच असलेल्या माथ्याचे क्षितिज सुमारे १०९ किलोमीटर असते. सह्याद्रीतील उंच शिखरांचे दळणवळणातील महत्त्व यातून लक्षात येते.

शक्तीविषयीचा गैरसमज

रेडिओतील लाभ व हानी डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल म्हणजे सुमारे दुप्पट आणि १० डेसिबल म्हणजे दहापट. ५ वॅटचा हातातील संच आणि ५० वॅटचा रिपीटर यांच्यातील मार्ग एकच असल्याने दोन्ही दिशांना होणारी हानी जवळजवळ सारखीच असते. दोघांचे ग्राही सारखेच संवेदनशील असले, तरी रिपीटरचा संदेश संचापर्यंत १० डेसिबल अधिक बळाने पोहोचतो. म्हणून सीमावर्ती गावातील माणसाला रिपीटर स्पष्ट ऐकू येतो, पण त्याची हाक मात्र रिपीटरपर्यंत पोहोचत नाही. अशा स्थितीत ५० ऐवजी १०० वॅट वापरल्यास ही तफावत १३ डेसिबलवर जाते. ऐकू येणाऱ्यांची संख्या वाढते, मदत मागू शकणाऱ्यांची वाढत नाही. आपत्तीच्या वेळी हा भेद निर्णायक ठरतो.

स्वतःच्याच प्रेषणामुळे येणारा बहिरेपणा

चांगल्या ग्राहीस ०.२५ मायक्रोव्होल्ट इतका क्षीण संकेतही समजण्याजोगा ऐकू येतो. ५० ओहम रोधावर ही शक्ती सुमारे उणे ११९ डीबीएम भरते. शेजारच्या ५० वॅट प्रेषकाची शक्ती अधिक ४७ डीबीएम असते. हा फरक १६६ डेसिबलचा, म्हणजे सुमारे चार अब्ज कोटी पट आहे. इतक्या प्रचंड आवाजाशेजारी बसून ग्राहीला क्षीण हाक ऐकायची असते.

यातून दोन भिन्न दोष संभवतात. पहिला, प्रेषकाच्या प्रबळ लहरीने ग्राही दबून जातो. दुसरा, प्रेषकातून मूळ लहरीबरोबर निघणारा गोंगाट थेट ग्राहीच्या वारंवारतेवर येऊन पडतो. पहिल्यावर ग्राहीच्या मार्गातील फिल्टर उपयोगी पडतो. दुसऱ्यावर मात्र प्रेषकाच्या मार्गातच फिल्टर बसवावा लागतो. डुप्लेक्सर हे उपकरण दोन्ही कामे करून एकाच अँटेनावर ऐकणे व बोलणे शक्य करते. त्यातील धातूची पोकळ नळकांडी ठरावीक वारंवारता पुढे जाऊ देतात व दुसरी अडवितात. ६०० किलोहर्ट्झ इतक्या कमी अंतरासाठी साधारण ८५ ते १०० डेसिबल विलगीकरण आवश्यक मानले जाते. या जुळणीत नळकांड्यांना जोडणाऱ्या केबलची लांबी व गुणवत्ताही महत्त्वाची असते. विरळ जाळीच्या केबलमधून लहरी पाझरल्यास महागडा डुप्लेक्सरही निष्फळ ठरतो. म्हणून येथे दुहेरी आवरणाची केबल वापरणे इष्ट होय.

केबल, जोडण्या व अँटेना

१४५ मेगाहर्ट्झवर ३० मीटर लांबीच्या आरजी-५८ केबलमध्ये सुमारे ६ डेसिबल हानी होते. म्हणजे संकेताचा चौथा हिस्साच ग्राहीपर्यंत पोहोचतो. आरजी-२१३ केबलमध्ये निम्म्याहून थोडा अधिक, तर अर्धा इंच जाडीच्या फोमयुक्त हार्डलाइनमध्ये सुमारे ८० टक्के संकेत टिकतो. प्रेषणातील घट शक्ती वाढवून भरून काढता येते. ग्रहणात ग्राहीपूर्वी गमावलेला संकेत मात्र पुढे कितीही प्रवर्धन केले तरी गोंगाटापासून वेगळा करता येत नाही.

कोकण व घाटमाथ्यावर पावसाचा प्रश्न वेगळाच आहे. कनेक्टरमधून शिरलेले पाणी केबलच्या जाळीतून आत झिरपते व हानी वाढवीत राहते. म्हणून प्रत्येक जोडणी जलरोधक पट्टीने गुंडाळावी. केबल इमारतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ओघळून जाते. मनोऱ्यावरील गंजलेले सांधे डायोडप्रमाणे वागतात व प्रेषण सुरू होताच नवा गोंगाट निर्माण करतात. वारा सुटल्यावर ग्रहणात करकर वाढत असेल, तर प्रथम अशा सैल वा गंजलेल्या सांध्यांचा शोध घ्यावा.

अँटेनाची निवडही भूरचनेनुसार करावी लागते. अधिक लाभाची अँटेना ऊर्जा क्षितिजाच्या दिशेने एकवटते, त्यामुळे उंच माथ्याच्या पायथ्याशी असलेल्या दरीतील गावे तिच्या कक्षेबाहेर राहू शकतात. तेथे मध्यम लाभाची अथवा किंचित खाली झुकलेल्या प्रसारणाची अँटेना अधिक उपयुक्त ठरते.

पूर्वप्रवर्धकाच्या मर्यादा

हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, पुरेसे प्रवर्धन असल्यास ग्राहीचा एकूण गोंगाट मुख्यतः पहिल्या टप्प्यावर ठरतो. त्यामुळे ग्राहीपूर्वी कमी गोंगाटाचा पूर्वप्रवर्धक बसविणे शांत डोंगरमाथ्यावर लाभदायक ठरते. जेथे एकाच माथ्यावर अनेक सेवांचे प्रेषक असतात, तेथे मात्र तो अपायकारकही ठरू शकतो. प्रबळ परकीय संकेतांनी तो भारावला की त्यांच्या मिश्रणातून नव्या वारंवारता उद्भवतात. उदाहरणार्थ, १५० व १५५ मेगाहर्ट्झच्या दोन संकेतांपासून पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा होऊन नेमका १४५ मेगाहर्ट्झचा व्यत्यय तयार होतो. म्हणून पूर्वप्रवर्धकाच्या आधी फिल्टर असणे अगत्याचे आहे. सूक्ष्म स्वराच्या साहाय्याने ग्राही उघडण्याची व्यवस्था असा व्यत्यय ऐकू येऊ देत नाही, परंतु तो नाहीसा करत नाही. मूळ दोष तसाच राहतो.

तपासणीची पद्धत

बहिरेपणा ओळखण्यासाठी सिग्नल जनरेटरमधून ग्राहीच्या मार्गात जेमतेम समजेल इतका क्षीण संकेत द्यावा. प्रेषक बंद असताना तो स्पष्ट होत असेल व सुरू करताच गोंगाटात बुडत असेल, तर दोष सिद्ध होतो. पूर्वीइतकी स्पष्टता येण्यासाठी संकेत जितके डेसिबल वाढवावा लागतो, तितका बहिरेपणा समजावा. त्यानंतर अँटेनाच्या जागी डमी लोड जोडून हीच चाचणी पुन्हा घ्यावी. दोष नाहीसा झाल्यास तो अँटेना, मुख्य केबल वा मनोऱ्यात आहे. तो कायम राहिल्यास डुप्लेक्सर, आतील केबल किंवा संच तपासावा. पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी नोंद ठेवल्यास हळूहळू होणारी घसरण वेळीच ध्यानात येते.

समारोप

५० वॅटचा प्रेषक बोलत असताना १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे १० ते १२ अँपिअर प्रवाह घेतो. वीजपुरवठा खंडित झाल्यावर शक्ती २५ वॅटवर आणल्यास केवळ ३ डेसिबल गमवावे लागतात. त्या बदल्यात बॅटरी अधिक काळ टिकते व ग्राहीवरील भारही घटतो. रिपीटरचे मूल्यमापन तो किती दूर ऐकू जातो यावरून न करता, किती दूरची क्षीण हाक त्याला ऐकू येते यावरून व्हावयास हवे. त्यासाठी लागणारे उपाय फारसे खर्चिक नाहीत. मात्र ते आपत्तीपूर्वीच, शांत दिवसांत नियमितपणे केले गेले पाहिजेत.