निळ्या आकाशातला करडा डाग

निरभ्र आकाशाच्या प्रत्येक फोटोत एकाच जागी करडा डाग दिसत असेल, तर धुळीचा कण कॅमेऱ्याच्या आत शिरलाय. तोही थेट सेन्सरवर नव्हे, त्याच्यापुढच्या पातळ काचेच्या फिल्टरवर. आपल्याला दिसते ती त्याची सावली. अ‍ॅपर्चर एफ/२.८ला असताना प्रकाश रुंद कोनातून येतो, सावली विरून जाते. एफ/२२ला ती ठसठशीत उमटते. म्हणून तपासणी एफ/२२लाच, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून करावी. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे फोटोत वर दिसणारा डाग प्रत्यक्षात खालच्या बाजूला शोधायचा.

२००३मध्ये ऑलिंपसने ई-१ कॅमेऱ्यात ही काच अल्ट्रासोनिक कंपनांनी झटकण्याची सोय आणली. फार मोलाची सुधारणा! आता ती अनेक कॅमेऱ्यांत असते. मात्र कोरडी धूळ झडली, तरी चिकट कण तसेच राहतात.

मग बॅटरी पूर्ण चार्ज करून, लेन्स काढून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे तुषार उडतात. डब्यातली दाबाची हवा तर मुळीच नको. तिच्यातला द्रव काचेवर डाग पाडू शकतो. एवढ्यानेही डाग हटला नाही, तर कॅमेरा सर्व्हिस सेंटरला द्यावा, असंच मी सुचवेन.