उभ्या गाडीचे ब्रेक

सिग्नलला ब्रेक दाबून थांबलात आणि पायाखालचा पेडल हळूहळू खाली जातोय असं वाटलं, पण गाडीखाली तेलाचा एक थेंबही नाही, तर दोष बहुतेक मास्टर सिलिंडरचा असतो. आतल्या नळकांड्यात पिस्टनपुढे रबरी कप असतो. तो झिजला की दाबलेलं तेल त्याच्या कडेने मागे सरकतं. गळती आतल्या आत होते, म्हणून बाहेर काही दिसत नाही.

हा सिलिंडर बदलण्याचं काम किती चिवट असू शकतं ते पाहायचं तर मॉरिस मायनर घ्यावी. ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही मोटार 1948मध्ये बाजारात आली आणि ब्रिटनमध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडणारी ती पहिलीच. आपल्याकडे तिच्यावरूनच ‘बेबी हिंदुस्थान’ निघाली. तिचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चेसिसच्या आत दडलेला आहे. तेल भरायचं तर गालिचा उचलून फरशीतलं झाकण काढावं लागतं. सिलिंडरचे बोल्ट सोडवले तरी बाहेर येत नाहीत, कारण वाटेत पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार आडवा येतो. आधी तो सैल करून सरकवायचा. जाणते लोक नवा सिलिंडर बसवताना बोल्ट उलट्या बाजूने घालतात, म्हणजे पुढच्या वेळी ही कटकट नको. कारखान्यात हे कुणाला सुचलं नाही, याचं नवल वाटतं.

यामागचं विज्ञान पास्कलचं. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. समजा पायाने 30 किलोचा जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट केला, तर पिस्टनवर 150 किलो येतात. पिस्टनचा व्यास 19 मिलिमीटर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 53 किलोचा दाब तयार होतो. चाकाजवळच्या 25 मिलिमीटरच्या पिस्टनवर त्याचा जोर सुमारे 260 किलो होतो.

पण या यंत्रातली खरी हुशारी एका भोकात आहे. टाचणी जेमतेम जाईल एवढं हे भोक सिलिंडर आणि तेलाची टाकी यांना जोडतं. पेडल सोडलेला असताना ते उघडं असतं, त्यामुळे तापून फुगलेलं तेल टाकीत परत जातं. पेडल दाबताच कप भोकापुढे सरकतो, मागची वाट बंद होते आणि दाब चढतो. म्हणून नवा सिलिंडर बसवताना पेडलला थोडा मोकळा ‘प्ले’ ठेवावाच लागतो. तो नसला तर पिस्टन पुरता मागे येत नाही, भोक झाकलेलं राहतं, आणि तेल तापलं की ब्रेक आपोआप आवळले जातात.

जुन्या गाडीचा सिलिंडर पळून जितका खराब होत नाही, तितका उभं राहून होतो. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट 3 प्रतीचं ताजं तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही; त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा 140 अंशांवर येते. घाटात ब्रेक तापले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पोकळ लागतो. तेच पाणी बिडाच्या नळकांड्याला गंज चढवून खड्डे पाडतं. रोजच्या वापरात कप थोडाच सरकतो, म्हणून खड्डे पुढच्या भागात सुखाने वाढतात. मग कुणीतरी हौसेने तेल बदलायला घेतो, एअर काढताना पेडल तळापर्यंत मारतो, आणि कप त्या खड्ड्यांवर घासून फाटतो. दोष मात्र नव्या तेलाला दिला जातो!

म्हणूनच खड्डे पडलेल्या नळकांड्यात नुसतं रबरी किट टाकणं मला पटत नाही. सिलिंडर नवा घ्यावा किंवा जुन्याला स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घ्यावी. रबर भिजवायला इंजिन ऑइल किंवा ग्रीस वापरू नये. खनिज तेलाने ते फुगतं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उखडतो. एअर सर्वांत लांबच्या चाकापासून काढत यावी.

मायनरसारख्या गाड्यांत चारही चाकांना एकच सर्किट असतं. एक कप किंवा एक पाइप गेला की सगळेच ब्रेक जातात. दोन स्वतंत्र सर्किटं अमेरिकेने 1960च्या दशकाच्या अखेरीस सक्तीची केली. तेव्हा तुमची जुनी गाडी वर्षभर शेडमध्येच उभी असली तरी दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, आणि काम झाल्यावर पहिली चाचणी रिकाम्या, सपाट जागेत, हँडब्रेक तपासूनच घ्या.