पत्रा पत्र्याला भेटतो तिथे

मोटारीच्या बॉडीत साधारण तीन ते पाच हजार ठिपके असतात. दार उघडून चौकटीवरचं रबर जरा बाजूला सारलंत, तर ओळीने बसलेले वाटोळे, किंचित खोलगट ठसे दिसतील. प्रत्येक ठसा म्हणजे एक स्पॉट वेल्ड. पुण्याजवळच्या चाकण, पिंपरी, रांजणगाव इथून बाहेर पडणाऱ्या गाड्या या ठिपक्यांच्या जिवावर एकसंध राहतात. हे ठिपके मारणाऱ्या ऑपरेटरांच्या कामाचं यंत्रमानव काय करणार, हे समजून घ्यायचं तर आधी ठिपकाच नीट पाहायला हवा.

तांब्याच्या दोन टिपा एकावर एक ठेवलेले दोन पत्रे चिमटीत धरतात आणि दोन-अडीचशे किलो वजनाइतक्या जोराने दाबतात. मग वीज सुटते, आठ ते दहा हजार अँपिअर. घरातला गिझर आठ-दहा अँपिअर ओढतो. म्हणजे हजारेक गिझरांचा प्रवाह जेमतेम पाच मिलिमीटरच्या जागेतून जातो, तोही सेकंदाच्या पाचव्या हिश्शात आणि अवघ्या काही व्होल्टवर. तांबं वीज सहज वाहून नेतं आणि टिपांच्या पोटातून पाणी खेळतं, म्हणून टिपा शाबूत राहतात. विजेला सगळ्यात मोठा अडथळा होतो तो पत्रा पत्र्याला भेटतो तिथे. उष्णता तिथेच दाटते, आणि बाहेरून घट्ट दिसणाऱ्या पत्र्यांच्या पोटात पोलादाचा थेंब वितळतो. वीज बंद होते, दाब तसाच राहतो, थेंब गोठतो आणि दोन पत्र्यांचा एक होतो. ना रॉड, ना तार. एलिहू थॉमसन या अमेरिकी संशोधकाने या तऱ्हेच्या जोडकामाचं पेटंट १८८६ मध्ये घेतलं. तत्त्व आजही तेच आहे.

गंमत अशी की सांधा तयार होतो तो कुणालाच दिसत नाही. मग ऑपरेटरला कळतं कसं? कानाने आणि ठिणग्यांनी. ठिणग्यांचा फवारा उडाला की वितळलेला धातू बाहेर फेकला गेला, आतला ठिपका पोकळ राहिला. काही शे ठिपके मारल्यावर टिपेचं टोक चपटं होतं, प्रवाह पसरतो, ठिपका कच्चा राहतो. मग टीप घासून घ्यायची. शंका आलीच तर दोन पत्र्यांमध्ये छिन्नी घालून ठोकायची. पक्क्या ठिपक्याभोवती पत्रा फाटतो, पण ठिपका सुटत नाही. वर बॅलन्सरला टांगलेली, या टिपा धरणारी जड गन ओढत, वळवत, हे सगळं शिफ्टभर.

हे काम यंत्राकडे जाणार, हे फार लवकर ठरलं. १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक रोबो लागला. त्याचं पहिलं काम डाय कास्टिंगमधले तापलेले भाग उचलण्याचं होतं. पण १९७० च्या आसपास त्याच कंपनीच्या बॉडी शॉपमध्ये त्याचे भाऊबंद स्पॉट वेल्डिंग करू लागले. जड गन, ठरलेली जागा, तोच ठिपका हजारदा: रोबोला याहून सोयीचं काम शोधून सापडलं नसतं.

पुणे यात नुसतं गिऱ्हाईक नाही. रणजित दाते आणि मंगेश काळे यांनी १९९० मध्ये ‘परी’ ही कंपनी इथे सुरू केली. पुढे विप्रोने ती घेतली. कारखान्यांना लागणाऱ्या स्वयंचलित लाइन ती बनवते. बजाज ऑटोने २०१० पासून, भारतात सगळ्यांच्या आधी, माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे ‘कोबॉट’ जुळणीच्या कामाला लावले.

यंत्राने ऑपरेटरचा नुसता हातच नाही, कानही उचलला. ठिपका तयार होत असताना पत्र्यांचा विद्युतरोध बदलत जातो. आधी पृष्ठभागावरचा थर फुटतो, रोध घसरतो. पोलाद तापतं, रोध चढतो. आतला थेंब मोठा झाला की पुन्हा उतरतो. नवा कंट्रोलर हा चढउतार मिलिसेकंदा-मिलिसेकंदाला वाचतो, चांगल्या ठिपक्याच्या आलेखाशी ताडून पाहतो आणि ठिपका पुरा व्हायच्या आत प्रवाह कमीजास्त करतो. ऑपरेटरला ठिणगी उडाल्यावर कळायचं, याला ती उडण्याआधी कळतं.

मिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे टॉर्चमधून सतत येणारी तार वितळवून सांधा भरण्याच्या पद्धतीत, तर याहून नवल आहे. तिथे तार आणि पत्रा यांच्यामध्ये सूर्याच्या पृष्ठभागाहून तप्त अशी विजेची ज्योत पेटलेली असते. त्या झगझगाटात कॅमेराही गांगरतो. म्हणून रोबो टॉर्च किंचित डावी-उजवीकडे डुलवत नेतो. टॉर्च एका बाजूच्या पत्र्याजवळ गेली की प्रवाह वाढतो, लांब गेली की उतरतो. दोन्ही बाजूंना प्रवाह सारखा आला की सांधा बरोबर मध्ये आहे, हे त्याला समजतं. म्हणजे ज्योत हेच त्याचं चाचपणारं बोट.

एवढं असूनही भोसरीच्या गाळ्यांत हातातल्या टॉर्चवरच कामं उरकतात. याचं कारण हिशेबात आहे. रोबोचा हात घेतला म्हणजे झालं असं नसतं. पार्ट तंतोतंत धरणारं फिक्स्चर, भोवतीचं कुंपण, आणि टीच पेंडंट हे रोबोला हालचाल शिकवायचं उपकरण हातात घेऊन एकेक बिंदू शिकवण्याचा वेळ, खर्च यात जातो. लाखभर नग असतील तर तो फिटतो. आज चाळीस ब्रॅकेट, उद्या एक तुटलेली चौकट, परवा गेट, अशा गाळ्यात तो फिटत नाही. शिवाय कटिंग जरा वाकडं आलं, दोन पत्र्यांत फट राहिली, की कसलेला वेल्डर वेग कमी करतो, टॉर्चचा कोन बदलतो आणि फट भरून काढतो. रोबोला हे जमवायचं तर वेगळे सेन्सर लागतात, आणि खर्च पुन्हा वर जातो.

तेव्हा वाटणी साधारण अशी दिसते. एकसारखे सांधे यंत्राकडे, बेभरवशाचे माणसाकडे. मोठ्या लाइनवर चार गन-ऑपरेटरांच्या जागी एखादाच उरतो. तो पार्ट चढवतो-उतरवतो, टिपा बदलतो, बिघडलेला ठिपका शोधतो. कामाचा त्रास घटतो, पण माणसंही घटतात, आणि पहिला फटका कंत्राटी कामगाराला बसतो.

या वाटणीच्या बाहेरही एक गोष्ट घडते आहे. मोटारसायकलची पेट्रोलची टाकी घ्या. दोन अर्ध्या भागांच्या कडा तांब्याच्या दोन फिरत्या चाकांमधून सरकतात, प्रवाहाचे झटके बसत जातात, ठिपक्यावर ठिपका चढतो आणि थेंबही गळू न देणारी सलग शिवण तयार होते. नंतर टाकीत हवा भरून ती पाण्यात बुडवायची. बुडबुडा आला की टाकी नापास. हे सीम वेल्डिंग मशीन चालवणं हे एक कसब आहे. आकुर्डीत १९७२ पासून बनलेल्या बजाजच्या ‘चेतक’ स्कूटरला अशी टाकी होती, सायलेन्सर होता. २०२० मध्ये ‘चेतक’ परतली ती विजेवर. बॉडी पत्र्याचीच, त्यामुळे तिला ठिपके लागतातच. पण टाकी गेली, सायलेन्सर गेला आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सांधेही गेले. ते कुठल्या रोबोने हिसकावले नाहीत, त्यांची गरजच संपली. उलट बॅटरीत नवे सांधे आले: तांब्या-अ‍ॅल्युमिनिअमच्या पातळ पट्ट्या सेलला लेसरने किंवा अल्ट्रासॉनिक कंपनांनी जोडायच्या. ते इतके नाजूक की माणसाच्या हातात ते कधी नव्हतेच, जन्मापासून यंत्राचे.

म्हणून आयटीआयमध्ये एक वर्षाचा वेल्डर ट्रेड करणाऱ्या मुलाने रोबोकडे पाहावं, पण आपण जोडणार आहोत त्या पार्टकडे जास्त पाहावं. पार्ट टिकणार असेल आणि सांधा एकसारखा असेल, तर पेंडंट शिकावं. आयटीआयमध्ये आता इंडस्ट्रियल रोबोटिक्सचाही ट्रेड आहे. सांधा दर वेळी वेगळा असेल, तर हात आणखी तयार करावा. आणि पार्टच जाणार असेल, तर तिथे कितीही कसब कमावून उपयोग नाही. वेळीच दुसरा पार्ट धरावा. रोबो विकत घेण्याआधी कारखानदार हाच हिशेब मांडतो. तो ऑपरेटरलाही मांडता यायला हवा.